आठ्या घातलेला अर्हत

...आणि बागेच्या फाटकावर पाटी, म्हणे शांतता अनुभवा! कुठली शांतता? तुम्हाला सांगतो, ज्या माणसाने ती बाग बांधली ना, तो कुणी बडा अंमलदार होता म्हणे. दरबाराला कंटाळला, कागदांना कंटाळला, माणसांना कंटाळला, सगळं सोडून सुचौला घरी आला, चारी बाजूंनी उंच भिंती बांधल्या, आत तळं खणलं, दगड रचले, बांबू लावले, की बाबा, आता तरी कुणी येऊ नये... आणि त्याच्या त्या एकांतात आम्ही किती जण? आमच्या एका गल्लीची बस भरून माणसं, आणि फाटकाबाहेर तशा बसेस इतक्या, की आमची कुठली ते शोधता शोधता आमचे दोन म्हातारे भलत्याच गावाच्या बसमध्ये जाऊन बसले आणि त्यांची केळी खाऊन आले.

मला गर्दीचं काही नाही हो. मी गिरणीतला माणूस. पण मला त्या दिवशी दोन शब्द बोलायचे होते. फक्त दोन. आणि तेही परक्या कुणाशी नाही, माझ्या स्वतःच्या बायकोशी.

तुम्ही म्हणाल, लू म्हाताऱ्या, बायको घरातच असते, तिच्याशी दोन शब्द बोलायला बागेत कशाला जायला हवं? तिथेच तर घोडं अडलंय. आम्ही दोघं रेशीम गिरणीतले. ती रिळांवर, मी बॉयलरवर. तिथे यंत्रांचा आवाज असा, की शेजारचा ओरडला तरी नुसतं तोंड हललेलं दिसायचं. आमचं जुळलं तेही हातवाऱ्यांवर. तिने दोन बोटांनी भात खाल्ल्याची खूण केली, मी मान हलवली, झालं, त्यालाच तुम्ही आमची मागणी म्हणा. पुढे सगळा संसार तसाच. मी बाजारातून माशाची पिशवी उंच धरून दाखवतो, ती हो किंवा नाही करते. आमच्याकडे स्वयंपाकघर पुरुषाचं, हे तुम्हाला ठाऊक असेल किंवा नसेल. सुचौकडच्या बायका चुलीशी उभ्या राहिल्या तर नवऱ्याची नाचक्की होते. तेव्हा मी शिजवतो, ती खाते, तिला आवडलं तर वाडगा पुन्हा पुढे करते. यात शब्दांचं काम कुठे आलं? आता या वयात एकदम बोलायचं म्हटलं, तर सुरुवात कुठून करायची हो?

पण बोलणं भाग होतं. कारण आमच्या हाइतोंगचा, मुलाचा, शेन्झेनहून फोन आला होता. बाळ सहा महिन्यांचं होत आलं, सूनबाईची रजा संपली, इतके दिवस तिची आई सांभाळत होती ती कंबर धरून गावी परत गेली, आता पाळी आपली. म्हणाला, तुमच्यापैकी एकाने यावं. दोघांना जागा नाही, बाळाच्या खोलीत घडीची खाट एकच मावते.

एकाने म्हणजे आईने, हे काय सांगावं लागतं? नातवंड ही आजीची नोकरी. निवृत्त झाल्यावर लागते, आणि तिच्यातून निवृत्ती नाही. आमच्या गल्लीत सकाळी बाजारात येऊन बघा, एकेकटे म्हातारे उभे असतात, हातात एक कांद्याची पात, एक टोफूचा तुकडा. एकाची बायको पेइचिंगला, एकाची क्वांगचौला, एकाची तर पार परदेशात. ते चँग मास्तर बघा, पूर्वी किती टापटिपीचे, आता भांडं घासायला नको म्हणून पातेल्यातूनच शेवया खातात, उभ्याने. मी त्यांच्याकडे बघायचो आणि मला माझंच पातेलं दिसायला लागायचं.

तर मला एवढंच म्हणायचं होतं, "जाऊ नकोस." मोजा. दोनच शब्द.

आणि आमची आपेई फोनवर मुलाला काय म्हणाली? म्हणाली, नवव्या महिन्याच्या नवमीला गल्ली समितीची म्हाताऱ्यांची सहल आहे, बाग आणि देऊळ, देवळात अर्हत आहेत, त्यांना विचारते आणि त्याच संध्याकाळी तुला कळवते, तिकीट काढ मग. घ्या! म्हणजे बुद्धाचे पाचशे शिष्य मातीचे, सोन्याचा मुलामा दिलेले, त्यांना विचारायचं. घरात जो जिवंत बसलाय, त्याला नाही विचारायचं. पण तिची तरी काय चूक? ते पाचशे जण माझ्यापेक्षा बोलके दिसतात.

तर सकाळी बसमध्ये बसलो. म्हटलं, बसमध्येच बोलून टाकू. ती खिडकीशी, मी शेजारी. घसा साफ केला... आणि मागून तांगबाई. तांगबाई म्हणजे आमच्या गल्लीच्या नाच-मंडळाच्या मुख्य. संध्याकाळी चौकात बायकांना नाचवतात, त्यांचा आवाज असा, की गिरणीत असत्या तर गिरणीला भोंगा लागला नसता. दोन खुर्च्यांच्या फटीतून त्यांनी डोकं आत घातलं, आणि नवमीचा केक, वर लाल-हिरवे तुकडे लावलेला, माझ्या तोंडासमोर धरला. "लू, खा. घसा बसलाय वाटतं तुझा." खाल्ला. आमचा तो केक तांदळाच्या पिठाचा, चिकट, वरचे दात खालच्या दातांना धरून बसतात. सुचौ येईपर्यंत माझं तोंड उघडलं नाही.

बरं, बाग. मला बागेचं कौतुक नाही असं समजू नका. तरुणपणी सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं तिथे जायचो, तेव्हा एखादा म्हातारा पिंजऱ्यातल्या पाखराला फिरवत असायचा, बाकी कुणी नाही. आणि ती बाग बांधलीच आहे दोन माणसांनी हळू बोलावं म्हणून. वळणाआड वळण, भिंतीआड भिंत, एका खिडकीतून पाहिलं तर बांबू, दुसरीतून पाहिलं तर नुसती पांढरी भिंत आणि तिच्यावर सावली. कुइहुआची झाडं फुलली होती, सगळीकडे तो गोड वास. म्हटलं, इथे नाही बोलायचं तर कुठे?

गोल दारापाशी गेलो. दार कसलं, भिंतीत चंद्र कापलाय. त्यात आपेई उभी राहिली, मागे तळं, मी तोंड उघडलं... तर "आजोबा, जरा सरकता का?" जुन्या राण्यांचे झगे भाड्याने घातलेल्या पोरी, अंगावर राजवैभव, पायात खेळायचे बूट, रांग लावून उभ्या. प्रत्येकीने आधी डावीकडे बघायचं, मग उजवीकडे, मग पंख्याआड तोंड, मग पंखा कुठे ठेवला ते शोधायचं. तिथून हललो.

मग पूल. वाकडातिकडा पूल, मुद्दाम तसा, म्हणजे चालणाऱ्याला पावलापावलावर निराळं तळं दिसावं. आम्हाला पावलापावलावर समोरच्याची पाठ दिसली. मध्येच वाहतूक तुंबली. इकडून आमची पिवळ्या झेंड्याची वाटाडी बाई, तिकडून दुसऱ्या कुणाची निळ्या झेंड्याची, आणि दोघींच्या कमरेला भोंगे. निळी म्हणते, हा डोंगरासारखा दगड बघा, सिंह दिसतोय ना? आमची म्हणते, हा दगड बघा, हत्ती दिसतोय ना? दगड एकच. तांगबाई मान तिरकी करून म्हणाल्या, मला तर हा सोया घालून शिजवलेला डुकराचा पाय दिसतो, जेवण किती वाजता आहे? त्यावर दोन्ही बसची माणसं हसली, आपेईही हसली, आणि हसताना तिने माझ्या बाहीला धरलं, पुलाला कठडा बुटका आहे म्हणून. म्हटलं, आता. आत्ताच. मी वाकलो तिच्या कानाशी... आणि झेंडा हलला, गर्दी सुटली, ती दोन माणसं पुढे, मी तीन माणसं मागे. आणि मला दोनच शब्द बोलायचे होते हो.

शेवटी मला युक्ती सुचली. त्या दगडांच्या डोंगरात खाली गुहा आहे, माहीत आहे? आत भुयारासारख्या वाटा, अंधार, एका वेळी एकच माणूस जाईल अशा. मी खूण केली, चल. ती पुढे, मी मागे. आत गार, ओलसर, भोंग्यांचा आवाज बंद. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. दोन वळणं घेतली, तिसऱ्यापाशी अंधारात हात पुढे केला, हात हाती लागला. घट्ट धरला. आणि डोळे मिटले, म्हणजे तसेही काही दिसत नव्हतं, पण मिटले, आणि बोललो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "जाऊ नकोस," म्हटलं. "मला तुझ्याशिवाय जमणार नाही."

अंधारातून जाड आवाज आला, उत्तरेकडचा. "जातोय कुठे, दादा? मला वाटच सापडत नाहीये."

कुणी शान्तोंगचा म्हातारा होता. त्याची बस वेगळी, बायको वेगळी, तीही हरवलेली. बिचारा त्या भुयारात केव्हापासून फिरत होता कुणास ठाऊक. आणि मी हात सोडायला गेलो तर तो सोडेना! म्हणाला, आता तू म्हणालास ना, मग ने मला बाहेर. मग आम्ही दोघं हातात हात घालून उजेडात आलो, आणि समोर आपेई, तांगबाई आणि पिवळा झेंडा. आपेईने माझ्याकडे पाहिलं, त्या माणसाकडे पाहिलं, आमच्या हातांकडे पाहिलं.  तांगबाई मात्र बोलल्या, पण ते जाऊ द्या.

म्हणजे मी बोललो, बरं का. शब्द वापरले, पण ते शान्तोंगला गेले.

दुपारी देऊळ. दाराशी प्रत्येकाला तीन उदबत्त्या देतात, त्या कपाळाशी धरून चार दिशांना वाकायचं. तिथे बोलता येत नाही, तिथे प्रत्येक जण ओठांत पुटपुटत असतो. मी बघत होतो आपेईकडे, ती फार वेळ पुटपुटत होती. नातवासाठी असणार. मग जेवण, देवळातल्या शेवया, काळ्या अळंब्यांचा रस्सा घातलेल्या. त्या शेवयांसाठी माणसं लांबून येतात, आणि मी त्या दिवशी कशा खाल्ल्या ते मला आठवत नाही. कारण माझ्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. जेवणानंतर अर्हतांची मोजणी. म्हणजे माझ्याकडे आता बोलायला वेळ नव्हता. आणि मग मला वाटलं, बोलायलाच कशाला हवं? आयुष्यभर न बोलता चाललंय. अर्हतालाच बोलू दे.

मोजणी कशी असते, तुमच्याकडेही असेल. दालनात शिरायचं, चारी बाजूंनी अर्हतांच्या रांगा, एकासारखा दुसरा नाही. कुणी हसतोय, कुणी जांभई देतोय, कुणी पाठ खाजवतोय, कुणी शेजाऱ्याच्या कानात काही सांगतोय. ज्याच्यावर पहिली नजर पडेल त्याच्यापासून सुरुवात, आणि आपल्या वयाइतके मोजत जायचं. जिथे वय संपेल तो आपला. तो हसरा असेल तर मनातल्या कामाला होकार, रागीट असेल तर नकार. आणि आपेईने बसमधून उतरतानाच तांगबाईंना सांगितलं होतं, हसरा आला तर शेन्झेनला जाते, कपाळाला आठ्या असतील तर नाही.

मी शेवया तशाच गिळल्या, पोट धरून मोरीकडे जातोय असं दाखवलं, आणि मागल्या दाराने त्या दालनात.

आत कोणी नव्हतं. एक मांजर होतं, तेही झोपलेलं. मी त्या पाचशे जणांपुढून फिरलो, तुम्हाला सांगतो, मला आजवर कधी इतकं कळलं नव्हतं की बुद्धाचे शिष्य एवढे मजेत असतात! जिकडे बघावं तिकडे हसतायत. एक तर पोट उघडं टाकून बसलाय आणि अंगाखांद्यावर लहान पोरं खेळतायत, एक कानात काडी घालतंय, एक डोक्यावर चढलंय. मी त्याच्यासमोर क्षणभर उभा राहिलो आणि हात जोडले, म्हटलं, महाराज, तुम्ही तेवढे येऊ नका. आणि मग त्याच्याच शेजारी सापडला. बारीक, हाडकुळा, भुवया खाली आलेल्या, कपाळाला आठ्या, ओठ आत ओढलेले, जसं कुणी त्याला नुकतंच सांगितलंय की आज भात नाही. मला इतका आवडला तो!

त्याच्यापासून मी उलटं मोजत मागे आलो. आपेईचं वय किती ते इथे सांगत नाही, तिला कळलं तर. मोजत मोजत आलो, आणि संपलं तिथे एक अर्हत, हातात फुटकी छत्री घेतलेला. म्हणजे आपेईने छत्रीवाल्यापासून सुरुवात केली, की ती सरळ आठ्यावाल्याकडे. आता प्रश्न एवढाच, की पाचशे जणांत तिची पहिली नजर छत्रीवाल्यावरच कशी पडायची?

ते काही अवघड नव्हतं. मी छत्रीवाल्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो.

तुम्ही हसताय. पण मला माहीत होतं. गर्दीत कुठेही शिरली, बाजारात, दवाखान्यात, स्टेशनात, की ती आधी मला शोधते. गिरणीत पाळी सुटायची तेव्हाही तसंच, शेकडो निळे डगले दारातून बाहेर पडायचे आणि तिची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबायची. मग खाली. तेवढंच. मी तिच्या त्या नजरेवर लबाडी केली, हे खरं. पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

आले सगळे. भोंगा आला, झेंडा आला. आपेई उंबऱ्यावर पाय न देता आत आली, तिने मान वर केली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं... आणि माझ्यावर थांबली. मग माझ्या डोक्यावरून मागे, छत्रीवाल्यावर. "इथून," म्हणाली.

मोजायला लागली. बोटाने दाखवत, ओठ हलवत. तांगबाई बरोबर. मी मागे. मीही मनात मोजतोय. संपत आलं, शेवटचे चार, तीन, दोन, आपेईचं बोट आठ्यावाल्याच्या अलीकडच्यावर आलं. तो झोपलेला, ना हसू ना राग. आणि तांगबाई म्हणाल्या, "थांब! हाच. ओळखपत्रावर तुझं वय एवढंच आहे."

आली का पंचाईत? एक म्हणते ओळखपत्राचं वय, दुसरी म्हणते छे, देवळात जुनं वय धरतात, आईच्या पोटातलं वर्ष मिळवून, तिसरी म्हणते तसं असेल तर नववर्षाचं आणखी एक, म्हणजे पुढचा! आणि पुढचा कोण? तो. पोट उघडं टाकून बसलेला, अंगावर पोरं खेळवणारा, तोंडभर हसणारा. तिघी तीन अर्हतांपुढे उभ्या, बोटं रोखलेली, बाकीच्या बायका त्यांच्यामागे गट करून. झेंडेवालीला विचारलं तर ती म्हणाली, श्रद्धा असेल तसं. असं असतं का उत्तर? आपेईचं बोट हवेत, डावीकडे हलतंय, उजवीकडे हलतंय... आणि उजवीकडेच जायला लागलं, हसऱ्याकडे.

आणि मी ओरडलो.

मी. लू. आमच्या गल्लीत पुष्कळांना वाटतं मी मुका आहे. मांजर उठून पळालं. मी ओरडलो, "पोटातलं वर्ष धरायचं! नववर्षाचं नाही! मूल पोटात असतं तेव्हाच ते माणूस असतं, ते वर्ष कसं सोडता?"

दालनात एकदम शांतता. त्या दिवशीची पहिली. तांगबाईंचं तोंड उघडं, आणि त्यातून काही येत नाही, हेही मी प्रथमच पाहिलं. आपेईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. काहीतरी समजल्यासारखं. मग बोट मागे आणलं, आठ्यावाल्यावर ठेवलं, त्याच्याकडे निरखून बघितलं आणि हळूच म्हणाली, "हा अगदी तुझ्यासारखा दिसतो, म्हाताऱ्या."

संपलं. ठरलं. आठ्या म्हणजे नकार, ती जात नाही. मी बाहेर आलो, तळ्यात कासवं होती, त्यांना मी खिशातला उरलेला केक घातला. त्यांचेही दात चिकटले असतील, असले तर. मला वाटत होतं सगळ्यांना काहीतरी द्यावं. तांगबाईंची पिशवी मी बसपर्यंत उचलली.

परतीच्या वाटेला बसमध्ये अर्धे पेंगत होते. आपेईने मुलाला फोन लावला. मी खिडकीकडे तोंड करून, डोळे मिटून, ऐकतोय. "अर्हतांना विचारलं," ती म्हणाली. "माझ्या येण्याला त्यांच्या कपाळाला आठ्या आहेत. मी येत नाही." माझ्या मनात भाताचं पातेलं चढलं, दोघांचं. "तू तिकीट काढ," ती म्हणाली. "तुझे बाबा येतायत."

डोळे उघडले माझे. तिने फोन खाली ठेवला, स्वेटरचं बटण लावलं, आणि मग बोलायला लागली. इतकं ती कधी बोलली नव्हती.

"हे बघ, मला चूल येत नाही. मी गेले तर बाळाला काय, गरम पाणी देऊ? तुला येते. बाळाला गोंगाट नको, तू बोलत नाहीस. तरी मी म्हणत होते, तुला एकट्याला कसं पाठवायचं. सकाळपासून वाट बघत होते, की तू काही बोलशील. बसमध्ये वाटलं, आता बोलशील. पुलावर वाटलं. तू एक शब्द काढला असतास ना, तर हाइतोंगला सांगितलं असतं, बाबा रे, दाई ठेव, आम्हाला नाही जमत. पण तू गप्प. म्हटलं, याच्या मनात काय आहे कुणास ठाऊक. आणि मग देवळात तू बाळासाठी असा ओरडलास... पोटातल्या वर्षापासून माणूस धरा म्हणून. तेव्हा मला कळलं. तुला नातवाची एवढी ओढ आहे, आणि मी एकटी पडेन म्हणून तू बोलत नव्हतास."

आता सांगा, मी काय म्हणायचं? म्हणायचं, की नाही गं, मी लबाडी करत होतो? तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला वाटत होतं ती मला मोठं काहीतरी देतेय. मी मान हलवली. सवय हो.

म्हणून मी इथे, शेन्झेनला, या उंच इमारतीखाली तुमच्यात बसलोय. तुम्ही कुणी सिच्वानचे, कुणी हूनानचे, कुणी पार ईशान्येकडचे, माझं निम्मं बोलणं तुम्हाला कळत नाही हे मला दिसतं, तरी तुम्ही मान हलवता, त्याबद्दल आभार आहेत. इथे थंडी नाही, कुइहुआला वास नाही, माशाला चव नाही. बाळ मात्र गुणी आहे. आणि एक गंमत बघा, मी बोलायला लागलो. बाळाशी बोलावं लागतं ना, नाहीतर ते बोलायला उशिरा शिकतं, असं सूनबाई म्हणते. तर मी दिवसभर बोलतो. गिरणीचं सांगतो, बॉयलरचं सांगतो, भाजीचं सांगतो. सुरुवातीला वाक्य तुटायचं, आता बघताय ना, थांबवत नाही.

तिकडे आपेई काय खाते ते विचारू नका. पहिल्या आठवड्यात तिने भात करपवला, दुसऱ्या आठवड्यापासून तांगबाईंकडे जेवते. चँग मास्तर तिला पातेल्यातल्या शेवया करायला शिकवणार होते म्हणे, मी फोनवरच नको म्हटलं.

परवा रविवारी मात्र मी ठरवलं. रोज संध्याकाळी ती फोनवर दिसते, चेहऱ्याचा निम्मा भाग आणि वरचा दिवा. मी बाळाला मांडीवर घेतलं आणि बोललो. सगळं बोललो. म्हटलं, आपेई, मला त्या दिवशी जाऊ नकोस म्हणायचं होतं, बसमध्ये म्हणायचं होतं, गोल दारात म्हणायचं होतं, पुलावर तुझ्या कानापर्यंत आलो होतो, गुहेत तर म्हटलंसुद्धा, पण हात दुसऱ्याचा होता. छत्रीवाल्यापुढे मी मुद्दाम उभा होतो, तू मला आधी शोधतेस म्हणून. पोटातल्या वर्षाचं मला काही नव्हतं. मला फक्त तू घरात हवी होतीस. मला इथे करमत नाही, दुपारी एका माणसाचा भात मला मोजता येत नाही, अजून दोघांचाच पडतो... कितीतरी वेळ बोललो. कधी नव्हे ते.

 तिने चेहरा पुढे आणला, एकदा पूर्ण दिसला. डोळे पुसले असावेत, फोनमध्ये नीट कळत नाही.

"झालं बोलून?" म्हणाली.

म्हटलं, झालं.

"बरं," म्हणाली. "आता सरक जरा. बाळ दिसत नाहीये."